आधी रिकामा हात, मग पाण्याची बाटली

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला व्यायामाचा एक नियम कुणी मुद्दाम शिकवावा लागत नाही. खंडोबा तालीम असो की फिरंगाई तालीम, नवा पोरगा आत आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कुणाशी भिडवत नाही. आधी आखाड्यातली माती उकरायला लावतो. मग मोजके जोर, मोजक्या बैठका. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं म्हणून सुट्टी नसते, पण वाढही नसते. आठवड्यानं दोन-चार जोर वाढतात. खांदा मुरगळलेला पैलवान महिन्यानं परत आला तरी त्याचा हिशेब असाच खालून सुरू होतो.

याच गल्लीतली एखादी बाई स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन घरी आली की हे शहाणपण उंबऱ्याबाहेर राहतं. "काय उचलू नका", "हात हलवू नका", "जरा पडून ऱ्हावा." सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, भीतीही असते. पण या मायेपायी बाईचा खांदा आखडतो, मांड्या वाळतात आणि चार महिन्यांनी जिना चढताना धाप लागते. मग सगळे म्हणतात, औषधांनी अशक्तपणा आला. औषधांचा वाटा असतोच, पण खाटेचाही असतो. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना या आजाराचं निदान झालं असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे हा प्रश्न पेठेतल्या एखाद्याच घरापुरता नाही. या काळात शरीर हलतं ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, केव्हा करायचं आणि कुठे थांबायचं, ते इथं सावकाश मांडते.

पहिला प्रश्न बहुतेक बायका विचारतातच: ऑपरेशन छातीचं झालं, मग दुखतो हात का?

उत्तर काखेत आहे. स्तनातून निघणारा कॅन्सर बहुधा आधी काखेतल्या लसिकाग्रंथींत, आपण ज्यांना काखेतल्या गाठी म्हणतो त्यांत, पोचतो. म्हणून सर्जन तिथल्या गाठी काढून तपासायला पाठवतात. कधी पहिल्या एक-दोन-तीनच, कधी सगळ्या. तिथूनच दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी एक नस जाते. ती दुखावली की दंडाचा तेवढा भाग बधिर होतो. शिवाय छातीवर टाके, काखेजवळून निघालेली नळी आणि तिची पिशवी. बाई आपोआप हात पोटाशी धरते, खांदा पुढे झुकवते. छातीचे स्नायू त्या आखूड स्थितीतच राहतात आणि काही आठवड्यांत खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरणही आवळतं. मग वेणी घालायला हात मागे जात नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही.

हे टाळायची सुरुवात ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच होते, आणि ती अगदी साधी असते. मूठ उघडायची-मिटायची, मनगट फिरवायचं, कोपर दुमडून सरळ करायचं, दोन्ही खांदे कानाकडे उचलून सोडायचे, खोल श्वास घ्यायचा. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच-दहा वेळा. साधारण पहिला आठवडा-दहा दिवस हात खांद्याच्या उंचीच्या वर न्यायचा नाही, कारण जखमेखाली पाणी साचू शकतं. केसातून फणी फिरवणं, तोंड धुणं, जेवणं त्याच हातानं करायचं. ज्यांच्या पोटाचा किंवा पाठीचा स्नायू घेऊन स्तनाची पुनर्रचना केली आहे त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. ते सर्जनकडूनच लिहून घ्यावं.

नळी निघाली आणि डॉक्टरांनी होकार दिला की भिंत चढायची. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीला टेकवायची आणि मुंगी चालावी तशी वर वर न्यायची. जिथे ताण बसतो पण कळ येत नाही तिथे थांबायचं, पाच श्वास घ्यायचे, बोटांनीच खाली यायचं. त्या उंचीवर खडूनं खूण करावी. उद्याची खूण एक बोटभर वर गेली तरी पुष्कळ आहे, आणि नाही गेली तरी खूण खाली यायला नको. पुढे हाच व्यायाम भिंतीला कड देऊन, बाजूनं करायचा. अंथरुणावर उताणं पडून दोन्ही हातांत लाटणं धरून डोक्याकडे नेता येतं. त्यात बरा हात दुखऱ्या हाताला ओढून नेतो, म्हणून सुरुवातीला ते सोपं पडतं.

ब्रिटनमधल्या १७ रुग्णालयांत ३९२ बायकांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खांद्याचा त्रास होण्याचा धोका जास्त असलेल्या बायकांना ऑपरेशननंतर ७ ते १० दिवसांनी फिजिओथेरपिस्टनं आखलेले व्यायाम सुरू करून दिले, आणि महिनाभरानं त्यात ताकदीचे व्यायाम घातले. वर्षानंतर त्यांच्या हाताचं काम, नुसत्या सूचनांची पुस्तिका मिळालेल्या बायकांपेक्षा चांगलं होतं. जखमांच्या तक्रारी मात्र वाढल्या नव्हत्या. "टाके उसवतील" ही भीती घरोघर असते, म्हणून हे सांगितलं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट बायकांना फार उशिरा कळते. पुढे लाईट घ्यायची असेल, म्हणजे रेडिएशन, तर मशीनखाली हात डोक्यावर ठेवून बराच वेळ अजिबात न हलता पडावं लागतं. खांदा उघडत नसेल तर ते जमत नाही आणि उपचार लांबू शकतो. भिंतीवरच्या खुणेकडे म्हणूनही लक्ष ठेवायचं. रेडिएशन चालू असतानाही ताण द्यायचे व्यायाम थांबवायचे नाहीत. त्वचा काळवंडली, सोलली तर तिथे घासणारे कपडे टाळायचे, एवढंच. रेडिएशनमुळे आतली ऊती पुढे कित्येक महिने घट्ट होत राहते, म्हणून लाईट संपली तरी खांद्याचा व्यायाम संपत नाही.

काही बायकांना दोन-तीन आठवड्यांनी हात वर करताना काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली तार ओढल्यासारखी दोरी दिसते. घाबरून जाऊ नये. तो बंद पडलेल्या लसिकावाहिन्यांचा परिणाम मानला जातो, आणि सौम्य ताण देत राहिलं तर बहुतेकींची दोरी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरते. फिजिओथेरपिस्टला मात्र दाखवावी.

आता सूज. सगळ्यात जास्त भीती हिचीच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसिकेला, म्हणजे पेशींच्या मधून गोळा होणाऱ्या पाण्याला, असा एक मोठा पंप नाही. तिच्या वाहिन्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आत झडपा असतात, आणि बाकीचं काम भोवतालचे स्नायू करतात. स्नायू आवळला की पाणी एक झडप पुढे जातं. काखेतल्या गाठी काढल्या, तिथे लाईट दिली, की हा रस्ता अरुंद होतो. पाणी मागे तुंबलं तर हात सुजतो. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांत साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते. पहिल्या मोजक्याच गाठी काढल्या असतील तर सुमारे वीसातल्या एकीला.

जुना सल्ला असा होता की या हातानं जन्मभर जड काही उचलू नये. ऐकायला पटतं. पण वर सांगितलेलं पुन्हा वाचा: पाणी ढकलायचं काम स्नायूंचं. हात वापरायचाच नाही म्हटलं तर पंपच कमजोर होतो. मग एक दिवस पाण्याची कळशी उचलावी लागतेच, आणि वाळलेल्या हाताला ती झेपत नाही.

या सल्ल्याला पहिला उघड धक्का पाण्यावरच बसला. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना लांबलचक ड्रॅगन बोटीत बसवून वल्ही मारायला शिकवलं. वल्हवणं म्हणजे हात, खांदा, छाती यांना तीच ती जोराची ओढ, म्हणजे नेमकं जे करू नये असं सांगितलं जायचं तेच. आधी हळूहळू ताकद वाढवली, मग बोट पाण्यात घातली. हात सुजले नाहीत. आज जगभर अशा बायकांचे बोटींचे संघ आहेत. रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बसलं की मला ही गोष्ट हटकून आठवते.

मग डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी अमेरिकेत रीतसर मोजमाप केलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हात आधीच सुजलेल्या १४१ बायका होत्या. अर्ध्या जणींनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. वर्षअखेर सूज वाढलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, वजनं उचलणाऱ्यांत ११ टक्के आणि न उचलणाऱ्यांत १२ टक्के. सूज एकदम उसळून उपचार घ्यावे लागण्याचं प्रमाण मात्र वजनं न उचलणाऱ्यांत २९ टक्के आणि उचलणाऱ्यांत १४ टक्के होतं. कसं उचललं, तेही पाहा. पहिले १३ आठवडे जाणकाराच्या नजरेखाली, सुरुवात अगदी हलक्या वजनानं, हातावर दाब देणारी बाही घालून, आणि काही त्रास नसेल तरच पुढची लहानशी वाढ. तालमीतल्या वस्तादाला हा क्रम दाखवला तर त्याला त्यात नवं काही दिसणार नाही.

घरी हेच कसं करायचं? ऑपरेशनला चार-सहा आठवडे झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. पहिला आठवडा रिकाम्या हातानं: हात समोर उचलायचा, बाजूला उचलायचा, कोपर दुमडायचं, प्रत्येक हालचाल दहा वेळा. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन वाढवणं आपल्या हातात असतं: पाव लिटरपासून सुरू करा, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं पाणी वाढवा. आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून. मध्येच पंधरा दिवस खंड पडला तर होतो तिथून न उचलता दोन पायऱ्या खाली येऊन सुरू करायचं.

सूज येते आहे का, हे ओळखायचं साधन आपल्या बायकांच्या हातातच असतं. बांगड्या. रोज सहज फिरणारी बांगडी मनगटावर रुतायला लागली, अंगठी निघेना, ब्लाउजची एकच बाही दंडाला काचू लागली, हात जड वाटू लागला, की व्यायामाचं वजन थांबवून दाखवायला जायचं. सुरुवातीची सूज आटोक्यात येते, जुनी झालेली चिवट असते. त्या हातात घट्ट बसणाऱ्या बांगड्या मात्र भरू नयेत. आणि स्वयंपाकघरात सांभाळायचं. दंड बधिर असल्यानं तवा लागलेला कळत नाही, आणि लहानशा भाजल्या-कापल्यातूनही या हातात जंतुसंसर्ग पटकन पसरतो. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही.

केमोचा काळ वेगळा. तिथे हातापेक्षा सगळं शरीरच प्रश्न असतं. केमोचा थकवा झोपेनं जात नाही, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावं. दिवसभर झोपूनही बाई थकलेलीच उठते. रक्त कमी झालेलं असतं, औषधांचा भार असतो, आणि न हलल्यानं स्नायू झपाट्यानं झिजतात, त्यामुळे तेवढंच काम आणखी जड वाटतं. या शेवटच्या कारणावरच आपल्याला काही करता येतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधिकेनं सहकाऱ्यांबरोबर केमो चालू असलेल्या बायकांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं, तेव्हा ते धाडसाचं वाटलं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं उपचार चालू असतानाच चालण्यासारखा आणि ताकदीचा असा दोन्ही व्यायाम सुचवावा अशी शिफारस केली. २००७ मधल्या कॅनडातल्या २४२ बायकांच्या अभ्यासातली एक बाब मला फार मोलाची वाटते. केमोचा ठरलेला डोस किमान ८५ टक्के घेऊ शकलेल्या बायका व्यायाम न दिलेल्या गटात सुमारे ६६ टक्के होत्या आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांत ७८ टक्के. म्हणजे व्यायामामुळे औषध सोसायलाही मदत झाली असावी.

केमोची सलाईन दर तीन आठवड्यांनी असेल तर सगळे आठवडे सारखे नसतात. पहिले तीन-पाच दिवस बहुतेकींचे वाईट. त्या दिवसांत घरातल्या घरात, दर दोन तासांनी उठून पाच मिनिटं चालणं पुरे. जुलाब-उलट्या होत असतील तर तेही नको, आधी पाणी आणि मीठ-साखर. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जातात, म्हणून गर्दी टाळायची. महाद्वार रोडवर किंवा रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर जाण्यापेक्षा गच्ची बरी. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर व्यायामाचा प्रश्नच नाही, थेट हॉस्पिटल. तिसरा आठवडा मोकळा असतो, वाढवायचं ते तेव्हा. आणि पुढच्या सलाईननंतर पुन्हा खाली यायचं. ही घसरण नाही, हा आराखडाच आहे.

वेग कसा ठरवायचा? चालताना शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर हळू व्हा.

काही केमोनं तळपाय बधिर होतात. अशा वेळी रंकाळ्यावरच्या संध्यामठाकडच्या ओल्या पायऱ्या आणि उखडलेली फरशी टाळावी, उजेडात आणि मागून घट्ट बसणाऱ्या बुटांतच चालावं. ज्यांना केमोतलं लाल रंगाचं औषध किंवा ट्रास्टुझुमॅब दिलं आहे त्यांच्या हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. टू-डी इको त्यासाठीच करतात. आधी सहज होणाऱ्या चालण्यात अचानक धाप लागली, छातीत दुखलं, पाय सुजले, तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देऊ नये. हाडांत आजार पसरला असेल तर वाकणं, पिळणं, वजन उचलणं यांचा निर्णय डॉक्टरच घेतील. पण तेव्हाही सगळंच बंद असं क्वचितच असतं.

ज्यांना पुढे हार्मोनविरोधी गोळ्या लागतात त्यांचा तो टप्पा पाच ते दहा वर्षांचा, आणि नेमका इथेच पाठपुरावा सुटतो. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सकाळी बोटं, गुडघे आखडतात. कंटाळून कित्येकजणी गोळीच सोडून देतात, आणि ते धोक्याचं आहे. अमेरिकेत अशी सांधेदुखी असलेल्या १२१ बायकांवर झालेल्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांची सर्वांत तीव्र वेदना वर्षभरात २९ टक्क्यांनी उतरली. याच गोळ्यांनी हाडंही विरळ होतात, आणि हाडाला भार लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करणं ही बैठकांची सुरुवातच समजा.

"घरकाम करतेच की, आणखी व्यायाम कशाला?" असं बायका म्हणतात. घरकाम हा श्रम आहे, मी तो कमी लेखत नाही. पण त्यात तोच हात तीच हालचाल शंभर वेळा करतो, वजन कधी वाढवायचं हे आपण ठरवत नाही आणि थांबायचंही आपल्या हाती नसतं. पंधरा भाकऱ्या थापून झाल्यावर खांदा वर जात नाहीच. म्हणून घरच्यांनी उलटं करावं: थकवणारी कामं वाटून घ्यावी आणि वाचलेली शक्ती बाईला चालायला द्यावी. तिला बरोबर घेऊन जावं. केस गेलेले असताना गल्लीतून एकटीनं निघणं किती अवघड असतं, हे पेठेत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

खुराकाबद्दल एकच. पैलवानाला जोर वाढवताना खुराक वाढवतात, आणि आजारी बाईचं मात्र दूध, अंडी, मटण कुणाच्या तरी ऐकीव सांगण्यावरून बंद करतात. स्नायू प्रथिनांतूनच बांधले जातात. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर पांढऱ्या रश्श्याची वाटी तिच्यापुढे ठेवावी.

व्यायामानं आजार परत येत नाही का? प्रामाणिक उत्तर असं: २००५ मध्ये अमेरिकेतल्या २,९८७ परिचारिकांच्या अभ्यासात आठवड्याला तीन ते पाच तास चालण्याइतकी हालचाल करणाऱ्या रुग्णांत मृत्यू कमी दिसले. पण जी चालू शकते ती मुळातच बरी असू शकते, त्यामुळे नुसत्या निरीक्षणावर भिस्त ठेवता येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ८५० बायकांचे दोन गट पाडून, एकीकडे योग आणि दुसरीकडे नेहमीचा व्यायाम, अशी तुलना झाली. ती डॉ. नीता नायर यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडली. योगाच्या गटात आजाराविना जगण्यात १५ टक्के सापेक्ष सुधारणा सांगितली गेली. सापेक्ष म्हणजे शंभरातल्या वीसजणींना जे व्हायचं ते सुमारे सतराजणींना होणं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये २०२५ साली ८८९ रुग्णांच्या चाचणीनं आखीव व्यायामाचा स्पष्ट फायदा दाखवला, पण तो आजार वेगळा. यातल्या कशावरही विसंबून एकही गोळी, एकही सलाईन सोडायची नाही.

तर सुरुवात अशी करता येईल. पहिला आठवडा घराच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत. मग उभ्या मारुती चौकापर्यंत, किंवा तुमचं घर जिथे असेल तिथून तेवढंच. मग गांधी मैदानाला एक फेरी, दमलात तर बसायला जागा आहे. मग संध्यामठ गल्लीनं उतरून रंकाळा, सकाळी सातच्या आत. किती मिनिटं चाललात, भिंतीवरची खूण कुठे आहे आणि बाटलीत पाणी किती, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहा आणि ती वही तपासणीला जाताना बरोबर न्या.

आणि गौरी येतील तेव्हा झिम्मा खेळायला बाकीच्या बायका हाक मारतील. टाके भरले असतील, भिंतीवरची खूण डोक्याच्या वर गेली असेल, तर जा. झिम्म्यात टाळीसाठी हात वर जातो आणि ताण आपल्याला हवा तेवढाच देता येतो. फुगडीत समोरची बाई हात ओढते, त्या ओढीवर आपला ताबा नसतो. ती पुढच्या वर्षी.